उंच पत्र्याच्या शेडमध्ये दिवे लावताना : बल्ब मोजू नका, उजेड मोजा

मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड दिसतात. कुठे गेट-ट्रॉलीचे फॅब्रिकेशन, कुठे ट्रॅक्टर दुरुस्ती. आयटीआय करून, कर्ज काढून स्वतःचे शेड टाकणारी आपल्या समाजाची मुलेही त्यात आहेत. कर्ज मशीनसाठी मिळते, दिव्यांचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो.

अशाच एका शेडमध्ये संध्याकाळी बसलो होतो. पोरगा म्हणाला, "दादा, दहा एलईडी बल्ब लावलेत, तरी माप घ्यायला मोबाईलची बॅटरी लागते." वर पाहिले तर घरात वापरतात तेच नऊ वॅटचे बल्ब, अठरा फुटांवर पत्र्याला लावलेले. चूक त्याची नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. त्यामुळे 'एलईडी लावला की काम झाले' असा समज झाला. दहा फुटी खोलीत तो खरा आहे, उंच शेडमध्ये नाही.

उंचीमुळे काय होते?

वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज आणि ल्युमेन म्हणजे दिवा देतो तो उजेड. एक चौरस मीटर जागेवर पडणाऱ्या एका ल्युमेनला एक लक्स म्हणतात. एकच दिवा दुप्पट उंचीवर नेला, तर त्याच्या बरोबर खाली पडणारा उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. म्हणून खरेदी करताना 'किती वॅटचा?' याआधी 'किती ल्युमेनचा?' हे विचारा.

हिशेब असा करा

समजा शेड ४० बाय ३० फूट आहे, म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. कटिंग, जोडणी अशा सर्वसाधारण कामाला किमान २०० लक्स धरा. १११ गुणिले २०० म्हणजे सुमारे २२,००० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड टेबलापर्यंत येत नाही. काही भिंतीत, काही काळ्या पत्र्यात, काही धुळीत जातो. साठ टक्के पोचतो असे धरले, तर सुमारे ३७,००० ल्युमेन लागतात.

नऊ वॅटचा बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. त्या पोराचे दहा बल्ब म्हणजे ९,००० ल्युमेन, गरजेच्या चौथा हिस्सा. त्याऐवजी वॅटला १२० ल्युमेन देणारे ५० वॅटचे सहा हाय-बे दिवे घेतले, तर ३६,००० ल्युमेन मिळतात आणि वीज लागते फक्त ३०० वॅट. एवढाच उजेड ५०० वॅटच्या हॅलोजनने करायचा, तर चार दिवे म्हणजे २,००० वॅट.

महिन्याला १०० तास दिवे चालले, तर हॅलोजन २०० युनिट खातात, एलईडी ३० युनिट. युनिटला ८ रुपये धरले, तर फरक १,३६० रुपयांचा. दिव्यांच्या एकूण किमतीला या आकड्याने भागा, किती महिन्यांत पैसे वसूल होतील ते कळेल. दर आपल्या बिलावरचा धरा.

दिवे कुठे लावायचे?

सहा दिवे तीन-तीनच्या दोन ओळींत लावा. दोन दिव्यांमधले अंतर, दिवा आणि टेबल यांच्यातल्या उंचीपेक्षा फार जास्त नको, नाहीतर मधे काळोखाचे पट्टे पडतात. दिवा पत्र्याला चिकटवू नका. मे महिन्यात पत्रा तापतो आणि त्या उष्णतेने दिव्यातला ड्रायव्हर लवकर जळतो. पाइपने दिवा खाली सोडा, म्हणजे तो थंडही राहतो आणि उजेडही वाढतो. क्रेन किंवा उंच ट्रॉली जाते का, ते आधी पाहा.

प्रत्येक ओळीला वेगळे बटण द्या. बारीक कामाला ५०० लक्स लागतात, त्यासाठी सगळे शेड उजळू नका, टेबलावर एक वेगळा दिवा लावा. दिवसा वीज जाळण्यापेक्षा छतात काही पारदर्शक पत्रे बसवा. पत्र्याची आतली बाजू आणि भिंती पांढऱ्या केल्या, तरी फरक पडतो.

बोटांचा प्रश्न

हा मुद्दा पैशापेक्षा मोठा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असते. स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण अशा उजेडात फिरणारे लेथ किंवा ड्रिल थांबल्यासारखे भासू शकते. हात तिथेच जातो. दुकानात मोबाईलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून दिवा पाहा. जोरात लुकलुकत असेल, तर घेऊ नका.

खोक्यावर आणखी पाहा : बीआयएस नोंदणी, ०.९ च्या वर पॉवर फॅक्टर, धुळीसाठी आयपी ६५, किमान ४ केव्ही सर्ज संरक्षण, आणि गावाकडचे कमी-जास्त व्होल्टेज सोसणारा ड्रायव्हर. अठरा फुटांवर चढून दिवा बदलणे धोक्याचे असते, म्हणून वॉरंटीचे बिल जपून ठेवा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १७ मध्ये कामाच्या जागी पुरेसा उजेड असावा, डोळ्यांवर तिरीप येऊ नये आणि अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, अशी तरतूद केली गेली. दोन-तीन माणसांच्या शेडपर्यंत असे कायदे सहसा पोचत नाहीत. तिथे आपली काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युत धोरणाच्या समितीपुढे त्यांनी मांडले होते की, स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि त्याशिवाय गरिबीतून सुटका नाही. आज वीज शेडपर्यंत आली आहे. ती उजेड होऊन कामाच्या टेबलापर्यंत पोचते की छतातच विरते, हे आपल्या हिशेबावर आहे.

विहाराच्या किंवा समाज मंदिराच्या उंच सभागृहात अभ्यासिका चालवत असाल, तर हेच गणित ३०० लक्स धरून करा आणि दिवे टेबलाजवळ खाली आणा. खरेदीच्या आधी टेप घेऊन जागा मोजा.

जयभीम!