नवा लेख आल्याची दवंडी

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला तेलंगणातून, कर्नाटकातून बंजारा कुटुंबं येतात. समजा, मानोरा तालुक्यातल्या कुणी या यात्रेतल्या गाण्यांवर ब्लॉगवर लेख लिहिला. त्याचे वाचक वाशीम जिल्ह्यात थोडे आणि हैदराबाद, कलबुर्गी, पुण्याकडे जास्त असणार. लेख रात्री प्रसिद्ध झाला हे त्यांना कळणार कसं?

आजचं उत्तर व्हॉट्सॲप. पण ग्रुपवर टाकलेली लिंक शुभसकाळच्या फुलांखाली तासाभरात गाडली जाते, आणि जो ग्रुपमध्ये नाही त्याच्यापर्यंत ती जातच नाही. फेसबुकवर लेख कुणाला दिसावा हे लेखक ठरवत नाही, वाचकही नाही. कंपनीचं गणित ठरवतं. या दोन्हींच्या आधी याच कामासाठी एक खुली, फुकट आणि तांत्रिकदृष्ट्या फार देखणी व्यवस्था उभी राहिली होती. तिचा अर्धा भाग कचऱ्यात बुडाला. उरलेला अर्धा अजून ठणठणीत आहे, आणि तो वापरायचं आपण विनाकारण सोडून दिलं आहे.

बुडालेल्या भागाचं नाव पिंग. डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रामरनं १९९९ साली वेब्लॉग्स डॉट कॉम ही साइट सुरू केली. कोणत्या ब्लॉगवर ताजं काही आलं, याची ती यादी होती. सुरुवातीला साइटच एकेक ब्लॉग उघडून तपासायची. ब्लॉग वाढले तसं ते झेपेना. मग काम उलटं केलं: ज्यानं लिहिलं त्यानंच येऊन सांगावं. गावात कोतवाल दवंडी देतो तसंच हे, फक्त ऐकणारी यंत्रं. दवंडीचा मजकूर दोनच गोष्टींचा, ब्लॉगचं नाव आणि त्याचा पत्ता. हा एवढासा संदेश एक्सएमएल-आरपीसी या पद्धतीनं पाठवला की समोरचा सर्व्हर 'मिळालं' किंवा 'चूक आहे' एवढंच उत्तर देतो. लेख त्यात जात नाही. ज्याला हवा तो येऊन घेऊन जाईल.

अशी ऐकणारी ठिकाणं वाढली तेव्हा प्रत्येकाला वेगळं सांगण्याचा त्रास होऊ लागला, म्हणून २००४ साली पिंग-ओ-मॅटिक आलं. त्याला एकदा सांगा, ते पुढे सगळ्यांना सांगेल. वर्डप्रेस या ब्लॉग-सॉफ्टवेअरच्या लेखनविषयक सेटिंगमध्ये त्याचा पत्ता आजही आधीच भरलेला असतो. बहुतेक ब्लॉगरांनी तो कधी पाहिलेला नसतो.

हेच काम संगणकावर बसून करणारी साधनं होती. त्यातलं सगळ्यात परिचित म्हणजे मायक्रोसॉफ्टचं विंडोज लाइव्ह रायटर. कंपनीनं ते बाजूला ठेवलं, पण चाहत्यांच्या आग्रहानं डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि 'ओपन लाइव्ह रायटर' जन्माला आलं. वीज गेली, रेंज गेली तरी लॅपटॉपवर लेख लिहीत राहायचा, मसुदा आपल्याच डिस्कवर ठेवायचा आणि नेट आलं की एका बटणात प्रसिद्ध करून त्याच दमात पिंगही पाठवायचा, अशी त्याची सोय. भारनियमनाच्या गावात याचं मोल काय, हे वेगळं सांगायला नको. अलीकडे त्याच्यावरचं काम मंदावलं आहे. तरी कोड खुला असल्यानं ते कुणीही पुढे नेऊ शकतो, आणि बंद पडलेल्या कंपनी-सॉफ्टवेअरबद्दल असं म्हणता येत नाही.

मग पिंग बुडाला का? दवंडी फुकट होती म्हणून. यंत्रांनी रचलेले, जाहिरातींनी भरलेले नकली ब्लॉग दिवसरात्र पिंग पाठवू लागले. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतल्या संशोधकांनी त्या काळात मोजणी केली, तेव्हा इंग्रजी ब्लॉगांकडून येणाऱ्या पिंगांतले सुमारे तीन चतुर्थांश नकली निघाले. कुठल्याही दारावर ओळख न विचारता बोलू दिलं की आधी ओरडणारे येतात. गूगललाही हे उशिरा पटलं: साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, बदलल्याचं पिंगद्वारे कळवायची सोय त्यांनी २०२३ मध्ये मोडीत काढली, आणि कारणही कचऱ्याचंच दिलं. तेव्हा 'तुमचा ब्लॉग शेकडो ठिकाणी पिंग करतो' म्हणणारी सॉफ्टवेअरं आज कुणी सुचवली, तर खुशाल दुर्लक्ष करा.

टिकलं ते फीड. आरएसएस फीड मार्च १९९९ चं. (या आद्याक्षरांनी आपल्याकडे दुसरंच काही आठवतं. त्याच्याशी याचा संबंध नाही.) फीड म्हणजे ब्लॉगच्या शेजारी आपोआप तयार होणारी एक साधी फाइल: ताज्या लेखांची नावं, तारखा, पत्ते आणि मजकूर. वाचकाच्या संगणकावरचं फीड-वाचक ठरावीक वेळानं ती मागवतं. मेलसाठी वापरलं जाणारं थंडरबर्ड हे काम करतं, आणि लिनक्सवर लाइफरीया, अक्रिगेटर, आरएसएस गार्ड अशी नुसती याच कामाची खुली सॉफ्टवेअरं आहेत.

यातली खरी गंमत मागवण्याच्या रीतीत आहे. वाचकाचं सॉफ्टवेअर विचारतं, 'मी मागच्या वेळी अमुक खूण असलेली प्रत नेली होती, त्यात काही बदललं का?' बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ एवढा आकडा सांगतो आणि फाइल पाठवतच नाही. दिवसातून चोवीस वेळा विचारलं तरी डेटा नगण्य खर्च होतो. लेखकाला वाचकाचा फोन नंबर लागत नाही, वाचकाला कुठं खातं उघडावं लागत नाही, आणि मध्ये बसून काय दाखवायचं ते ठरवणारं कुणी नाही.

वारंवार विचारण्याचा हा खटाटोपही टाळावा, म्हणून पुढे हब आला. ब्लॉग हबला कळवतो, आणि हब नोंदवलेल्या सर्व्हरांना लगेच नवा मजकूर पोचवतो. ही पद्धत २००९ मध्ये मांडली गेली, आणि २०१८ मध्ये वेबसब नावानं जागतिक वेब संघटनेची शिफारस झाली. घरच्या लॅपटॉपला मात्र ती थेट उपयोगाची नाही. हबला हाक मारायला कायम चालू असलेला, बाहेरून सापडणारा पत्ता लागतो, आणि आपला लॅपटॉप झोपलेला असतो. म्हणून डेस्कटॉप सॉफ्टवेअर अजूनही आपणहून विचारतच राहतं.

मराठीत या व्यवस्थेचा वापर झालेला आहे. 'मराठी ब्लॉग विश्व'सारख्या संकलक साइटवर नोंदवलेल्या ब्लॉगांचे ताजे लेख एका पानावर दिसत, आणि त्या काळी कितीतरी ब्लॉगांच्या कडेला तिचं चिन्ह मिरवत असे. गूगल रीडर हे फीड-वाचक १ जुलै २०१३ ला बंद झालं, वाचक फेसबुककडे वळले, आणि ती सवय सुटली.

मराठी लेखकाची आणखी एक अडचण मात्र आजही आहे, आणि तिचा उलगडा अंकगणितात होतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट घेतं. लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'वाशीम' लिंकमध्ये पंचेचाळीस अक्षरांचा होतो. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा घालतं, त्यामुळे 'पोहरादेवीच्या यात्रेतली गाणी' या मथळ्यातली गाणीच कापली जातात. ब्लॉगर या सेवेची तऱ्हा निराळी: देवनागरी मथळा ती सरळ गाळते आणि प्रत्येक लेखाला 'ब्लॉग-पोस्ट' असं नाव देऊन पुढे आकडा लावते. अशा लिंकवरून काय कळणार?

यावर उपाय आहे. प्रसिद्ध करण्याआधी लेखाच्या पत्त्याची चौकट उघडून त्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द लिहा. मथळा मराठीच राहू द्या. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की आपलं फीड दिसतं. ते चालू आहे का पाहा आणि त्याची लिंक ब्लॉगच्या माथ्यावर ठळक लावा. व्हॉट्सॲपवर लेख टाकतच राहाल, टाका. पण त्याखाली फीडचा पत्ताही द्या आणि हैदराबादच्या, पुण्याच्या चार वाचकांना थंडरबर्डमध्ये तो कसा जोडायचा ते एकदा फोनवर सांगा.