चायनीज खायला बसलो, तर काय विचारायचं?

कापसाची वेचणी उरकली, की गटांच्या सहली निघतात. बडनेऱ्याहून नाहीतर अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी मुंबई गाठायची, गेटवेवरून बोटीनं मांडव्याला उतरायचं आणि अलिबागचा समुद्र पाहायचा. दुपारी भूक लागली, की पोट्टे चायनीजचा हट्ट धरतात. आपण हॉटेलात बसतो, पण कार्डावरची नावं वाचून गप्प होतो. म्हणून आज आपण त्या ताटात काय असतं, ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट, मंचुरियन हा पदार्थ चीनमधून आलेलाच नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी तो 1975 च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात केला, असं सांगतात. त्यांनी आपल्यासारखंच आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली. फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मक्याचं पीठ लावून रस्सा दाट केला. म्हणजे अर्धी फोडणी आपल्या ओळखीचीच आहे. हक्का हेही एका चिनी समाजाचं नाव. हे लोक फार पूर्वी कोलकात्यात येऊन वसले, त्यांच्यावरून हक्का नूडल्स हे नाव पडलं.

आता सोया सॉस. सोया म्हणजे आपल्या वावरातलंच सोयाबीन. आपला माल बहुतेक तेलाला आणि ढेपेला जातो. सॉससाठी शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू एकत्र करून त्यावर खास बुरशी चढवतात आणि मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात. आपण लोणचं मुरवतो, तसंच. त्यामुळे त्यात मीठ भरपूर असतं. एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅमांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं दिवसभरात 5 ग्रॅमांपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. सूप, नूडल्स आणि मंचुरियन, तिन्हींत सॉस असतो. ज्या बाईला बीपीची गोळी चालू आहे, तिचं दिवसभराचं मीठ एका जेवणात संपतं. तिनं आधीच सांगावं, "सॉस कमी घाला, वरून मीठ नको." एक प्लेट दोघींनी वाटून खाल्ली, तरी फरक पडतो.

अजिनोमोटोची भीती खूप जणींना असते. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून ही चव शोधली. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. मोठ्या माणसानं थोडं खाल्लं, तर ते विष नाही. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला ते देऊ नये. कडेवरच्या बाळाला नूडल्स चाखवू नका. त्याच्यासाठी घरून मऊ खिचडीची सोय करून न्या.

जास्त जपायचं ते भातापासून. फ्राइड राइससाठी भात आधीच शिजवून ठेवतात. तो उष्ण, दमट हवेत तासन् तास बाहेर राहिला, तर त्यात जंतू वाढून विष तयार होतं. ते विष परतल्यानं जात नाही, मग उलट्या होतात. "भात कधीचा आहे? फ्रीजमध्ये होता का?" हे विचारायला लाजू नका. घरच्या फोडणीच्या भातालाही हाच नियम लागतो. रात्रीचा भात उन्हाळ्यात उघडा ठेवून सकाळी परतू नये.

मंचुरियन लालभडक दिसलं, तर रंग घातला आहे असं समजा. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. रंगाशिवाय ते तपकिरी दिसतं आणि चवीत काही कमी होत नाही.

आपल्यात माळकरी बाया असतात. त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. नूडल्समध्ये अंडं आहे का? सूपचं पाणी मटण-कोंबडीचं तर नाही ना? कढई वेगळी आहे का? थाई पदार्थांत माशाचा सॉस असतो आणि काही चिनी भाज्यांत ऑयस्टर म्हणजे कालवाचा सॉस घालतात. नुसती भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेलच असं नाही.

शेवटी बिल. त्यात जीएसटी असू शकतो, तो द्यावा लागतो. पण सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. कोणी अडून बसलं, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. हॉटेलच्या भिंतीवर अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर लावलेला असावा, तोही पाहून घ्या.

मैत्रिणींनो, बाजारात भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून पाहतो, तेव्हा कोणाला लाजत नाही. हॉटेलातही पैसे आपलेच असतात. विचारा, समजून घ्या आणि मग समुद्राच्या वाऱ्यात पोटभर जेवा.