ठिपक्यांची किंमत

डाल्मेशियन कुत्र्याच्या, विशेषतः नराच्या, लघवीत बारीक खडे होतात आणि मूत्रमार्ग अरुंद असल्याने तिथेच अडकतात. कुत्रा पाय उचलून जोर लावत राहतो, थेंबही पडत नाही. वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवावर बेततं.

हे खडे युरिक आम्लापासून होतात. इतर बहुतेक कुत्र्यांचं यकृत या आम्लाचं विरघळणाऱ्या अॅलन्टॉइनमध्ये रूपांतर करतं. डाल्मेशियनच्या यकृतात हे रूपांतर करणारं विकरही असतं. पण आम्ल पेशीच्या आत नेणारं प्रथिनच सदोष. हा दोष एसएलसी२ए९ या जनुकात आहे आणि शुद्ध वंशाच्या सगळ्या डाल्मेशियनांत तो आई-बाप दोघांकडून येतो. म्हणजे आपसात कितीही जोड्या लावा, निरोगी जनुक येणार कुठून?

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायब्ल यांनी १९७३ मध्ये डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. निरोगी जनुकाची एक प्रत पुरते. पाचव्या पिढीतले दोन कुत्रे १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने नोंदवले; मात्र वंशशुद्धीवाल्यांच्या विरोधामुळे पुढची नोंदणी थांबली. ती पुन्हा खुली व्हायला २०११ उजाडलं. उपाय हाताशी असताना तीस वर्षं कुत्र्यांनी वेदना सोसल्या, तेही वंशावळीच्या कागदासाठी. मला हे अक्षम्य वाटतं.

डाल्मेशियनचं पिल्लू घेणार असाल, तर ठिपके नंतर बघा. आधी आईबापांच्या जनुकचाचणीचा अहवाल मागा.