वाळूविना वाळवंट

वाळवंट म्हटलं की जैसलमेर आठवतं, नांदूरघाट नाही. केज तालुक्यातलं हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तिथे वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसात वाळूच्या टेकड्या उभ्या राहत नाहीत. पण संयुक्त राष्ट्रांच्या 1994 च्या वाळवंटीकरणविरोधी कराराने वाळूची अट कधी घातलीच नाही. कोरड्या मुलखातल्या जमिनीचा कस गेला की ते वाळवंटीकरण. इस्रोच्या 2021 च्या नकाशासंग्रहात देशाची जवळपास 30 टक्के जमीन कस गमावलेली दिसते.

बालाघाटाच्या उघड्या माळावर वळीव झाला की दुसऱ्या दिवशी बोटाने माती उकरून पाहावी. वर खापरीसारखी पपडी, खाली कोरडी भुकटी. गवत नसलं की थेंब थेट मातीवर आदळतो, कण फुटतात, छिद्रं बुजतात. पुढचा पाऊस मुरायचं सोडून उताराने पळतो आणि वरची माती घेऊन जातो. उरतो मुरूम. त्यावर गवत धरत नाही, धरलंच तर शेळ्या ठेवत नाहीत. ठिगळाला ठिगळ जोडत माळ वाढत जातो.

वाहून गेलेली माती धरणांत गाळ होऊन बसते आणि पाण्याची जागा अडवते. याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. दुष्काळात ते आटलं म्हणून एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

मग माळ परत हिरवा होतो का? होतो. नगरच्या हिवरे बाजारात पाऊस बीडपेक्षाही कमी. तिथे 1990 नंतर डोंगरउतारावर समतल चर खोदले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली आणि शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं गावाने ठरवलं. चर खोदायला यंत्र मिळतं. बोअरला नाही म्हणणं अवघड. आपल्याकडे माथा तसाच सोडून पायथ्याचा नाला खोल करण्याची हौस दांडगी. फोटो छान येतो, वरची माती मात्र पुढच्याच पावसाळ्यात त्या नाल्यात येऊन बसते.

बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावाडोगो यांनी तर यंत्राशिवाय भागवलं. दगडासारख्या जमिनीत उन्हाळ्यात त्यांनी वीतभर खड्डे घेतले आणि त्यांत शेणखत टाकलं. खताच्या वासाने वाळवी आली, तिने जमीन पोखरली, त्या बिळांतून पावसाचं पाणी खाली उतरलं. आधी ज्वारी-बाजरी आली, मग झाडं. आपल्याकडे वाळवी दिसली की शेतकरी आधी औषधाचा डबा शोधतो.