गंध थेंबाने मोजावा

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली, की आमच्या सारंगखेड्याला वेगळाच वास सुटतो. एकमुखी दत्ताच्या देवळातला धूप-कापूर, घोडेबाजारातला हिरवा चारा आणि लीद, जिलेबीच्या कढया, आणि रात्री तापीवरून येणाऱ्या गार वाऱ्याबरोबर शेकोट्यांचा धूर. डोळे बांधून आणले तरी मी सांगेन, की ही दत्तजयंतीची यात्रा आहे आणि मी माहेरी आले आहे.

यंदा यात्रेच्या आधीच भाचीचा पुण्याहून फोन आला. तिचे बाळ सहा महिन्यांचे आहे. कुणीतरी तिला भेट म्हणून सुगंधी तेलांच्या सहा चिमुकल्या बाटल्या आणि वाफेसारखा गंध सोडणारे विजेचे यंत्र दिले. "आत्या, बाळाच्या खोलीत कोणते तेल आधी लावू?" तिने सहज विचारले आणि माझ्या हातातला फोन थरथरला. कारण हीच पोर चार वर्षांची असताना तेलाच्या अशाच एका बाटलीने तिला आमच्या हातून जवळजवळ नेले होते. आणि ती बाटली मीच भरली होती.

ती रात्र

गोष्ट डिसेंबर २००४ ची. यात्रेसाठी घर पाहुण्यांनी भरलेले. मला सर्दी झाली होती, म्हणून निलगिरीचे तेल आणले होते. बाटलीचे झाकण नीट बसेना, तेव्हा मी ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतले आणि बाटली कोनाड्यात ठेवली. चिठ्ठी मात्र औषधाचीच राहिली.

मध्यरात्री भाची खोकू लागली. वीज गेलेली. वहिनी दमून झोपली होती, म्हणून मीच उठले. चाचपडत बाटली काढली, चमचा भरला आणि पोरीच्या तोंडाला लावला. वासावरून कळायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. पण मी स्वतःच छातीला तेच तेल चोळून झोपले होते. सगळ्या घराला तोच वास येत होता.

अर्धा चमचा पोटात गेला आणि ती किंचाळली. माय धावत आली. "काय दिनं तू तिले?" एवढेच तिने विचारले. कुणी म्हणाले, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढा. कुणी म्हणाले, तूप पाजा. दादाने कुणाचेच ऐकले नाही. शेजाऱ्यांची जीप काढली आणि आम्ही शहाद्याच्या वाटेला लागलो. निम्म्या वाटेत पोरीची मान माझ्या खांद्यावर लुळी पडली. हाक मारली तरी ओ देईना.

डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. काय पाजले? किती पाजले? ओकारी काढली का? तिसऱ्याचे उत्तर "नाही" असे आले, तेव्हा ते म्हणाले, "हे एक बरे केलेत." पातळ, उडून जाणारे तेल ओकारीबरोबर श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसाला सूज येते आणि दुखणे दुप्पट होते. तिला दोन दिवस देखरेखीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडून पाणी मागितले, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

पुढे कळले, की निलगिरीचे तेल चहाच्या चमच्याएवढे, म्हणजे पाच मिलिलिटर, पोटात गेले तरी लहान मूल बेशुद्ध पडू शकते, त्याला झटके येऊ शकतात. आणि हे सारे काही मिनिटांत घडू शकते.

आपल्याच डोंगरातले अत्तर

तेव्हापासून या तेलांविषयी मिळेल ते वाचत आले. वाचताना कळले, की ज्याला आज शहरात अरोमाथेरपी म्हणतात, त्यातले एक नावाजलेले तेल आपल्या खानदेशातलेच आहे. सातपुड्याच्या उतारावर रोशा गवत उगवते. कुणी त्याला तिखाडी म्हणते. जगाच्या बाजारात याचे तेल पामारोजा या नावाने विकले जाते. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत हे तेल काढण्याच्या भट्ट्या होत्या. पावसाळा सरला, गवत फुलोऱ्यावर आले, की ते कापायचे, नाल्याकाठी भट्टी मांडून मोठ्या भांड्यात पाण्यासह उकळायचे आणि वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. वाफ निवली, की पाण्यावर तेल तरंगते.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. कारण त्यातला मुख्य घटक, जेरॅनिऑल, गुलाबातही असतो. युरोपात या तेलाला तुर्की जिरेनियम म्हणत. गवत आपले, नाव तुर्कांचे!

या तेलाचा एक हिशेब मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शंभर किलो हिरव्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल निघते. म्हणजे एका थेंबात मूठभर गवत दडलेले असते. "नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?" असे आपण म्हणतो. पण मूठभर पुदिना चटणीत वाटणे वेगळे आणि पुदिन्याचे तेल पिणे वेगळे.

अरोमाथेरपी हा शब्द रने-मॉरिस गात्फोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रूढ केला. त्याचे त्या नावाचे पुस्तक १९३७ साली निघाले. शब्द परका असला, तरी आपल्या घरांत ही तेले पूर्वीपासून आहेत. दाढेला लवंगेचे तेल आहे, सर्दीला निलगिरी आहे. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एकत्र केले, की आपोआप पातळ होणारी अमृतधारा आहे. म्हणून सावधगिरीही घरच्यापासूनच सुरू व्हावी.

सुरुवात कशी करावी?

भाचीला फोनवर सांगितले, तेच इथे सांगते.

पहिले म्हणजे सहा बाटल्या एकदम उघडू नयेत. एकच तेल निवडावे. रोशाचे किंवा लव्हेंडरचे सौम्य असते. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे का, ते पाहावे. नुसतेच 'सुगंधी तेल' लिहिलेले असेल, तर ते कृत्रिम असू शकते. ते अंगाला लावू नये.

तेल नुसते कधीच लावू नये. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणून चहाच्या चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक थेंब टाकला, की एक टक्का प्रमाण होते. नवख्याला एवढे पुरे. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. आग झाली, पुरळ उठले, तर ते तेल आपल्यासाठी नाही. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात जाऊ नये, कातडी भाजल्यासारखी होते. अंघोळीच्या पाण्यातही थेट टाकू नये. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि जसेच्या तसे अंगाला लागते.

गंध घ्यायचा तर यंत्रात दोन-तीन थेंब टाकून अर्धा तास पुरे, आणि खिडकी उघडी हवी. दम्याचा त्रास असलेले कुणी घरात असेल, तर नकोच. फेफरे येणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. घरात मांजर असेल तर जपावे. तिच्या यकृताला ही द्रव्ये नीट पचत नाहीत.

तेल पोटात घ्यायचे नाही. शेजारीण सांगो, की पुस्तक सांगो. डॉक्टरांनी औषध म्हणून दिले, तर गोष्ट वेगळी.

आणि तान्ह्या बाळांविषयी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ही तेले नकोत. नाकाखाली निलगिरी, पुदिन्याचा अर्क किंवा कापूर लावणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, पण त्याने बाळाचा श्वास अडकू शकतो. कापूर तर अर्धा ते एक ग्रॅम पोटात गेला, तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. देवघरातली कापराची डबीही म्हणूनच उंचावर हवी.

बाटली मूळचीच, गडद काचेची असावी. थंड, अंधाऱ्या जागी, दिव्या-निरांजनापासून लांब, कुलपात ठेवावी. ही तेले पेट घेतात. तेल जुने झाले, वास बदलला, की टाकून द्यावे. शिळ्या तेलाने ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो. आणि एका बाटलीतले दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नये. हे शेवटचे वाक्य मी फोनवर दोनदा सांगितले.

एवढे करूनही चूक झालीच, तर ओकारी काढू नये. तूप-दूध पाजत बसू नये. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. आता १०८ ची रुग्णवाहिका आहे. आमच्या वेळी जीप होती.

मग या तेलांचा उपयोग तरी काय, असे कुणी विचारेल. आहे ना. दमलेल्या माणसाला आवडता गंध निवांत करतो. लव्हेंडरच्या गंधाने मनाची घालमेल थोडी कमी होते, असे काही अभ्यास सांगतात. पण ताप, धाप, छातीतले दुखणे यांवर गंध हे औषध नव्हे. तिथे डॉक्टरच हवेत.

भाचीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आत्या, मला त्या रात्रीचे काही आठवत नाही. फक्त निलगिरीचा वास आला, की रडू येते आणि का ते कळत नाही." मी काहीच बोलले नाही.

यात्रेला ती बाळाला घेऊन आली. पहिल्या रात्री थंडी होती. तिने बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळले आणि शेकोटीपासून दूर, मायजवळ निजवले. खोलीत तेल नव्हते, कापूर नव्हता. बाळाला येत होता तो फक्त पणजीच्या लुगड्याचा वास. तो पोटभर घेऊन ते सकाळपर्यंत गाढ झोपले.