राजसत्ता की प्रजासत्ता? औंध संस्थानचा दाखला

देशास राजा असावा की नसावा, हा प्रश्न भारतापुरता १९५० सालच्या २६ जानेवारीस निकालात निघाला. जगात मात्र तो अद्याप तसाच उभा आहे. आजही चाळीसाहून अधिक देशांच्या शिरोभागी कोणी ना कोणी राजा, सम्राट, सुलतान वा अमीर आहे. त्यांपैकी पंधरा देशांचा राजा तर एकच, इंग्लंडचे तिसरे चार्ल्स. बार्बाडोस ह्या लहानशा बेटाने २०२१ च्या नोव्हेंबरात ह्या राजघराण्याचा निरोप घेतला. उलट ऑस्ट्रेलियासारख्या विस्तीर्ण व सुशिक्षित देशाने १९९९ साली सार्वमत घेतले आणि राणीस ठेवून घेतले. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९४७ च्या १५ ऑगस्टपासून प्रजासत्ताक होईपर्यंतची सुमारे अडीच वर्षे स्वतंत्र भारतही कायद्याने राजाचाच देश होता. आधी माउंटबॅटन व नंतर राजगोपालाचारी हे सहाव्या जॉर्जचे गव्हर्नर जनरल म्हणूनच कारभार पाहत होते.

खाडीकाठच्या उलव्यात राहणाऱ्या कुटुंबास हा सारा परदेशचा विषय वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. उलवे ज्या रायगड जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्याच जिल्ह्यात अलिबागेकडे आंग्र्यांचे राज्य होते. औरस वारस नाही ह्या सबबीवर इंग्रजांनी ते १८४० साली गिळंकृत केले. आणि त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन ह्या भागांत, १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नबाबांचा अंमल चालू होता. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या मुरूडकराचा जन्म नबाबाचा प्रजाजन म्हणून झालेला असणे सहज शक्य आहे.

वादाच्या आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे दोन्ही पक्ष हवेत तलवारी फिरवीत राहतात. राजाने राज्य चालविणे ही एक गोष्ट. राज्य लोकांनी चालविणे व राजा केवळ त्याच्या शिखरावर असणे ही दुसरी. जपानच्या १९४७ च्या घटनेत सम्राट हे राष्ट्राचे केवळ प्रतीक आहेत. स्वीडन, नॉर्वे, हॉलंड येथील राजेही असेच आहेत, आणि ह्या देशांस कोणी मागासलेले म्हणणार नाही. उलटपक्षी, नावाने प्रजासत्ताक आणि वस्तुतः एका माणसाची वा एका घराण्याची जहागीर, असेही देश जगाच्या नकाशावर थोडे नाहीत. तेव्हा 'राजा म्हणजे जुलूम आणि प्रजासत्ताक म्हणजे स्वातंत्र्य' हे समीकरण शाळकरी निबंधात शोभते. विचारी माणसास ते पुरत नाही.

ह्या विषयावर बोलताना दाखले बहुधा लंडन व पॅरिस येथून आणले जातात. महाराष्ट्रात घडलेला एक दाखला मात्र त्या सर्वांहून बोधप्रद आहे, आणि तो औंधचा.

औंध हे बहात्तर गावांचे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल. तेही सलग नव्हे. काही गावे साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या माणदेशी माळावर, काही कुंडलभोवती, तर काही थेट विजापुराकडे. संस्थानिकांचा किताब 'पंतप्रतिनिधी'. किन्हईचे परशुराम त्रिंबक ह्यांना छत्रपती राजारामांच्या काळात प्रतिनिधिपद मिळाले व ते पुढे ह्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. प्रतिनिधी म्हणजे येथे राजाचा प्रतिनिधी, लोकांचा नव्हे. ह्या शब्दाचा अर्थ फिरविण्याचे काम त्याच घराण्यातील भवानराव ऊर्फ बाळासाहेब ह्यांच्या हातून व्हावयाचे होते.

भवानराव १९०९ साली गादीवर आले. गृहस्थ मोठे छंदी. परंतु त्यांचे छंद दरबारी थाटाचे नव्हते. ते उत्तम चित्र काढीत, स्वतः कीर्तनास उभे राहत, आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार हे तर त्यांनी जन्माचे व्रतच मानले होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी द्रव्यसाह्य केले. वेदाभ्यासक पंडित सातवळेकर ह्यांना औंधात आश्रय मिळाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावचा कारखाना हलवावा लागला, तेव्हा भवानरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन त्यांस दिली, आणि १९१० साली निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. माडगूळकरांसारखा कवी ह्याच संस्थानच्या मातीत व शाळेत वाढला.

इतके झाले तरी तो एका चांगल्या राजाचा लौकिक झाला, आणि चांगले राजे इतरत्रही होतेच. पुढचे पाऊल निराळे होते. १९३८ च्या अखेरीस भवानरावांनी सर्व राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेत शिकून, बॅरिस्टर होऊन आलेले होते. त्यांच्या जोडीस मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमधून आलेले विद्युत् अभियंते होते. ते गांधीमार्गाने जाऊन 'भारतानंद' झाले होते. ही मंडळी मसुदा घेऊन सेवाग्रामास गेली. गांधीजींनी त्यात मनापासून लक्ष घातले, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची 'स्वराज्य घटना' अमलात आली.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. गावाने पाच पंच निवडावयाचे. पंचांनी आपल्यातून अध्यक्ष निवडावयाचा. गावोगावच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती व्हावयाची, आणि तालुक्यांकडून आलेल्या प्रतिनिधींचे विधिमंडळ बनावयाचे. गावचे बारीकसारीक तंटे गावातच मिटावेत आणि महसुलाचा मोठा वाटा तालुक्याच्या गरजांसाठी तालुक्यातच राहावा, असे धोरण होते. म्हणजे इमारत पायापासून वर बांधली होती. कळसापासून खाली नव्हे. आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची मोकळी वसाहत ह्याच सुमारास निघाली. तेथे भिंती नव्हत्या. शिक्षा भोगणारे लोक कुटुंबासह शेती करून राहत. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ह्या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती.

आता प्रश्न असा की, ही घटना राजसत्तेची थोरवी सांगते की प्रजासत्तेची? राजपक्षाचा वकील म्हणेल, पाहा, एका राजाच्या इच्छेने जे रक्तपाताविना, चळवळीविना झाले, ते करावयास इतरत्र क्रांत्या कराव्या लागल्या. ह्यात तथ्य आहे. भूतानच्या राजांनी हाच मार्ग पत्करून २००८ साली प्रजेस घटना दिली. स्पेनमध्ये १९८१ च्या फेब्रुवारीत काही सेनाधिकाऱ्यांनी संसद वेठीस धरली, तेव्हा राजे हुआन कार्लोस ह्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन बंडवाल्यांस विरोध केला व लोकशाही वाचली.

परंतु त्याच हुआन कार्लोसांना आर्थिक प्रकरणांच्या बभ्र्यामुळे २०२० साली देश सोडून परमुलखी राहावयास जावे लागले. एकच मनुष्य, एकच मुकुट! वंशपरंपरेची खरी अडचण येथे आहे. सद्गुणी राजा लाभणे हा योग आहे, व्यवस्था नव्हे. औंधच्या सीमेपलीकडे जन्मलेल्या शेतकऱ्याचा असा काय अपराध होता की, त्याला पंचायत मिळू नये? त्याचा राजा भवानराव नव्हता, एवढाच. शेजारच्या संस्थानांतील लोकांना साध्या जबाबदार राज्यपद्धतीसाठी दक्षिणी संस्थान प्रजापरिषदेमार्फत वर्षानुवर्षे झगडावे लागले.

कोणी म्हणेल, बडोद्याचे सयाजीराव आणि कोल्हापूरचे शाहू महाराज हेही राजेच होते ना? अवश्य होते. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. इंग्रजी मुलखात ह्यांपैकी काहीच नव्हते. परंतु हे दोघे गादीवर आले कसे? सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. मल्हाररावांस १८७५ साली पदच्युत केल्यावर जी मुले दाखविण्यात आली, त्यांतून ह्या मुलाची निवड झाली. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे. कोल्हापूरच्या गादीस ते १८८४ साली दत्तक गेले. महाराष्ट्राला ज्या दोन राजांचा सर्वाधिक अभिमान आहे, ते दोघेही त्या गादीच्या पोटी जन्मलेले नव्हते. त्यांना निवडून, शिकवून तयार केले होते. वंशपरंपरेच्या कैवाऱ्यांनी ह्या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

औंधच्या प्रयोगास दुसरीही मर्यादा होती. राजाने दिले ते त्याचे स्वतःचे कितपत होते? त्याच्या डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता बसलेली होती. बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा कुंडलचा परिसर त्याचे एक मोठे ठाणे झाला व औंधच्या हद्दीत भूमिगतांना आसरा मिळाला. पण तो दरबारास डोळ्यांवर कातडे ओढूनच द्यावा लागला असणार. पुढे गांधीजींच्या हत्येनंतर ह्या सबंध भागात जाळपोळ उसळली, आणि अशा वेळी लहान संस्थानांची शक्ती किती अपुरी पडते, ते सर्वांस दिसले. तत्पूर्वी ह्या संस्थानांचे एक संयुक्त राज्य करण्याचा घाट घातला होता, तो मोडला. ८ मार्च १९४८ रोजी औंध इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई इलाख्यात विलीन झाले. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आणि बडोदे १ मे १९४९ रोजी त्याच वाटेने गेले.

संस्थानिकांचे राज्य गेले, तरी तनखे व किताब उरले. तेही सुखासुखी गेले नाहीत. १९७० च्या सप्टेंबरात तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आले. बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. दोन तृतीयांशांस १४९ पूर्णांक एक तृतीयांश मते लागत होती. म्हणजे एका मताच्या तिसऱ्या हिश्श्याने विधेयक पडले! सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या हुकमाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे प्रभृती न्यायालयात गेले आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला. अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने हे प्रकरण संपले. राजांनी राजेपण टिकविण्यासाठी प्रजासत्ताकाच्या न्यायासनापुढे उभे राहावे आणि त्या न्यायासनाने सरकारविरुद्ध त्यांना न्याय द्यावा, ह्याहून प्रजासत्ताकाची अधिक चांगली परीक्षा सुचविणे कठीण आहे.

राजाच्या जागी कोणास व कसे बसवावे, हा प्रश्न मात्र वाटतो तेवढा सोपा नाही. इटलीने १९४६ साली सार्वमताने राजा घालविला, तेव्हा शेकडा ४६ मते राजाच्याच बाजूची होती. नेपाळच्या संविधान सभेने २००८ साली ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही मोडली. पण पुढील घटना लिहून होण्यास सात वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात तर राणी नको म्हणणारेच आपसात फुटले. अध्यक्ष संसदेने निवडावा, ही योजना थेट निवडणूक हवी असणाऱ्या अनेकांस पटली नाही व त्यांनीही विरोधी मत दिले. महाराष्ट्रात सरपंचाची जी गत झाली, ती ह्याच जातीची. २०१७ साली सरपंच थेट लोकांनी निवडावा असे ठरले, २०२० साली तो सदस्यांनी निवडावा असे ठरले, आणि २०२२ साली पुन्हा लोकांनीच. औंधच्या पंचांनी १९३९ साली ज्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले होते, त्यावर मुंबईस अद्याप खल चालू आहे.

विलीनीकरणाने औंधच्या प्रजेस भारताच्या विधिमंडळांसाठी मत मिळाले. परंतु त्याच दिवशी बहात्तर गावांची ती पायापासून रचलेली व्यवस्थाही विसर्जित झाली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यावयास १९६२ साल उजाडले, आणि ग्रामपंचायतीस राज्यघटनेचा आधार १९९३ साली मिळाला. गावाचा वसूल गावाकडे किती राहावा, ह्याविषयीची तक्रार तर अजून प्रत्येक ग्रामसभेत ऐकू येते. भवानराव १९५१ साली वारले. अप्पासाहेब भारताचे राजदूत झाले आणि पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत देशोदेशी प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी म्हणून वावरले. यमाईच्या डोंगरावर वडिलांनी उभारलेले चित्रसंग्रहालय आजही औंधास गेलेल्या मनुष्यास पाहावयास मिळते.