सुईदोऱ्यासाठी नेलेली अ‍ॅडा

मैत्रिणींनो, ध्रुवप्रदेशातली मोहीम म्हटली, की दाढीवाले दर्यावर्दी, कुत्र्यांच्या गाड्या आणि बर्फात रोवलेले झेंडे डोळ्यांपुढे येतात. पण त्या पुरुषांच्या अंगावरचे कातडी कपडे कोण शिवत असेल? तिथल्या थंडीत एक टाका उसवला, तरी बोट गमवायची वेळ! ही हकिकत अशाच एका शिवणकाम करणाऱ्या बाईची.

अ‍ॅडा ब्लॅकजॅक अलास्कातली, इनुपियात जमातीची. जन्म १८९८ चा. तीन मुलांपैकी दोन गेली आणि नवऱ्यानंही टाकलं. उरलेल्या बेनेटला क्षय झालेला. त्याला घेऊन ती चाळीस मैल चालत नोम गावी आली. औषधपाण्याला पैसा नव्हता, म्हणून काळजावर दगड ठेवून तिनं त्याला अनाथाश्रमात ठेवलं.

१९२१ मध्ये स्टेफानसन या नामांकित संशोधकानं सैबेरियाच्या उत्तरेकडील रँगल बेटावर मोहीम धाडली. तो स्वतः गेला नाही. गेले चार तरुण आणि कपडे शिवायला, दरमहा ५० डॉलरवर, अ‍ॅडा. बरोबर शिधा होता सहा महिन्यांचा. बाकीचं शिकारीवर भागेल, असा हिशेब!

१९२२ मध्ये मदतीला निघालेलं जहाज बर्फामुळे अर्ध्यातून परतलं. जानेवारी १९२३ मध्ये तिघे जण मदत आणायला गोठलेल्या समुद्रावरून चालत निघाले, ते पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. मागं राहिली अ‍ॅडा, विक नावाची मांजर आणि स्कर्व्हीनं अंथरुणाला खिळलेला लोर्न नाईट.

मिशनरी मंडळींत वाढलेल्या अ‍ॅडाला शिवण-टिपण, स्वयंपाक, लिहिणं-वाचणं येत होतं, पण शिकार? बंदूक कधी हाती धरलेली नव्हती, अस्वलांची तर भारी धास्ती. तरी ती शिकली. सापळे लावून कोल्हे पकडले, नेमबाजीचा सराव केला आणि रोग्याची शुश्रूषाही केली. तो मात्र तिच्या गेलेल्या मुलांवरून तिला टोचून बोले. तिनं ते डायरीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या उशाशी बसली.

जूनमध्ये नाईट वारला. त्याच्या देहाला जनावरांनी शिवू नये, म्हणून तिनं भोवती खोकी रचली. अस्वल दुरून दिसावं, म्हणून तंबूच्या वर माचाण बांधलं. सुमारे दोन महिने ती त्या बेटावर एकटी होती. ऑगस्ट १९२३ मध्ये जहाज आलं, तेव्हा जिवंत होत्या फक्त अ‍ॅडा आणि विक!

वर्तमानपत्रांनी तिचा उदोउदो केला, स्टेफानसननं मोहिमेवर पुस्तक काढलं. अ‍ॅडाच्या पदरात मात्र पगाराखेरीज फारसं काही पडलं नाही. तो पगार घेऊन तिनं काय केलं, ठाऊक आहे? बेनेटला उपचारासाठी सिअ‍ॅटलला नेलं.

‘मला मेलीला काय येतंय, शिवण न् स्वयंपाक!’ असं आपण किती सहज म्हणून जातो, नाही का? अ‍ॅडालाही निघताना तेवढंच येत होतं.

१९८३ मध्ये ती वारली. तिला बेनेटच्या शेजारीच पुरलं आहे.